निंबावरचा जकातदार

साक्रीजवळच्या आमच्या गावी, नाताळच्या नाटकात मरियेचा नवरा योसेफ झालेल्या अभिमनने धर्मशाळेवाल्याला, तो "जागा नाही" म्हणाला म्हणून, खरोखरच बदडलं. अभिमन प्यायलेला होता आणि धर्मशाळेवाला झाले होते चर्चच्या मंडळीचे पंच, चिंधानाना. नशा उतरल्यापासून अभिमन लाजेने चर्चला फिरकेना. मंडळीतल्या अशा भावाला वळणावर आणायची रीत बायबलात दिलेली आहे. आधी एकट्याने जाऊन समजवायचं. पास्टर गेले, तर अभिमन मागच्या भिंतीवरून पळाला. मग दोघा साक्षीदारांना घेऊन जायचं. तिघे गेले, तर तो अंगणातल्या निंबावर चढला. शेवटी सगळी मंडळी जाऊन झाडाखाली उभी राहिली. "मले तोंड दखाडाले लाज वाटस, मनं नाव काढी टाका!" अभिमन वरून ओरडला. पास्टरांनी जड आवाजात पुढचं वचन वाचलं: मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्याला जकातदारासारखा परका माना. म्हणजे मंडळीच्या यादीतून नाव खरंच कापायचं. तेवढ्यात गर्दीतून ताईबाई अक्का म्हणाल्या, "आरे, जक्कय जकातदार बी झाडवरच व्हता. प्रभूनी त्याले खाले बलावं आनि त्यानाच घर जेवाले गया." पास्टरांनी पानं उलटून खात्री केली. मुद्दा बिनतोड होता. चिंधानानांनी खोडाला टेकून खांदा पुढे केला. "उतर रे. आज आमनं जेवण तुनाच घर." "नाना, मी चुकनू," म्हणत, रडत, अभिमन त्यांच्या खांद्यावर उतरला. दारात उभ्या त्याच्या बायकोने सगळ्या मंडळीवरून नजर फिरवली, डोकी मोजली आणि विचारलं, "बठ्ठासनं जेवण?"