मुठीतली गोळी

गोळी चुंबकाला टक्कन चिकटली. सरांनी ती ओढून काढली आणि पुन्हा लावून पाहिली, पुन्हा चिकटली. सकाळी याच टेबलावर, याच चुंबकापुढे ती ढिम्म हलली नव्हती. तेवढ्यावरून समितीने त्यांच्या विद्यार्थिनीची मुदतवाढ नाकारली होती, आणि संशोधन गुंडाळायला सांगून मंडळी जेवायलाही गेली होती.

शर्टाच्या बटणाएवढी काळपट हिरवी गोळी. लोखंडाचा गंज आणि गॅडोलिनियम नावाच्या दुर्मिळ धातूची भुकटी खलून, दाबून, भाजून केलेली. तिच्या आत लोखंड एका बाजूला ओढतं, गॅडोलिनियम दुसऱ्या. गारवा वाढला की गॅडोलिनियमला जोर चढतो, आणि एका ठरावीक गारव्याला दोघांची ताकद बरोबरीची होते. रस्सीखेचीत दोर जागचा हलू नये तसं होतं मग, गोळी चुंबकाला दाद देत नाही. ऊब मिळाली की पुन्हा देते. हे शिकवण्यात सरांचे केस पांढरे झाले होते. आणि आज पाहुण्यांसाठी एसी सोळावर लावून, गोळी नेमकी त्याच्या झोताखाली त्यांनीच ठेवली होती. सगळे गेल्यावर त्यांनी एसी बंद करून खिडकी उघडली, टेबलावर ऊन आलं, आणि उगाच चाळा म्हणून त्यांनी चुंबक हातात घेतलं.

बरं, पोरगी बोलली नव्हती असंही नाही. सदानकदा भट्टीशी बसलेली म्हणून सगळे तिला भट्टीवाली म्हणायचे. ती सरांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली होती, गोळी जरा मुठीत धरू का, सर? आणि सरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "मुठीत धरून काय, अंडं उबवायचंय?" समिती खो खो हसली होती. सरांना तेव्हा आपल्या विनोदाचं कौतुकच वाटलं होतं. आता मात्र त्या आठवणीने त्यांना स्वतःची लाज वाटली.

गोळी चिकटलेलं चुंबक तसंच हातात धरून ते भट्टीच्या खोलीत गेले. भट्टीवाली भुकटी भाजायच्या आपल्या मुशी कागदात गुंडाळून खोक्यात भरत होती. तिने चुंबकाकडे एकदा पाहिलं. तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं," सर म्हणाले.

"हो."

"मग ठासून सांगायचं नाही का?"

"सांगत होते, सर. पण तुम्ही सगळे हसायला लागलात."

सरांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच, तिच्यासमोर, समितीच्या अध्यक्षबाईंना लावला. चूक माझी आहे, एवढंच वाक्य त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. पण बाईंचा आवाज कानावर पडला आणि जीभ भलतीकडेच वळली. एसीने घोटाळा केला, खोली जरा जास्तच गार होती, नमुना मात्र अस्सल आहे, असं काहीबाही त्यांनी सांगून टाकलं. बाई भल्या होत्या. उद्या येऊन पुन्हा बघते, मुदतवाढीचं तेव्हा करून टाकू, म्हणाल्या. मग सहज विचारलं, ही गोष्ट त्या मुलीच्या कशी लक्षात आली नाही?

सरांनी भट्टीवालीकडे पाहिलं. तिने कागद गुंडाळायचा थांबवला होता. बाईंचा आवाज खणखणीत होता, तिलाही सगळं ऐकू जात होतं.

"नवखी आहे हो," सर म्हणाले. "गांगरली असेल."

सरांनी फोन खिशात ठेवला. मग तिने खोक्यातून एकेक मूस बाहेर काढून फळीवर परत लावायला घेतली. गोळी न्यायची का तुला, सरांनी विचारलं. तुमच्याकडेच राहू द्या, बाईंना दाखवायची आहे, ती म्हणाली.

"थँक्यू, सर," ती पाठमोरीच म्हणाली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

सर आपल्या खोलीत परतले तेव्हा घामाने भिजले होते. त्यांनी चुंबक लोखंडी कपाटाच्या कडेला लावलं. खाली गोळी लोंबत राहिली. सवयीने खिडकी लोटली, एसी चालू केला आणि डोळे मिटून खुर्चीत बसले. उद्या बाई आल्या की खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मग बाई स्वतःहून विचारतील तर सांगायचं, असं ठरवलं. खोली हळूहळू गार होत गेली.

टक्क आवाज झाला. गोळी फरशीवर पडली होती.

सरांनी वाकून ती उचलली, मुठीत घट्ट धरली आणि तसेच बसून राहिले. हसायला खोलीत कोणी नव्हतं.