पाय ब्रेकवर

खंडाळ्याच्या उतारावर रविवारची गर्दी मुंगीच्या पावलानं सरकत होती. आदिनाथच्या गाडीचा बंपर पुढच्या मोटारसायकलला जरासा टेकला. मागं बसलेली म्हातारी रतनबाई नुसती दचकली, पण पुढं बसून ती चालवणारा तिचा मुलगा कैलास पेटला. गाडीवाला पळून जाऊ नये म्हणून त्यानं थोडं पुढं मोटारसायकल रस्त्यात आडवी लावली, आईला तसंच वर बसू दिलं आणि येऊन गाडीचं दार उघडलं.

"माझ्या आईला धडक देतो व्हय रं?" पहिल्याच ठोशात आदिनाथचं नाक फुटलं.

"दादा, उतरतो मी. ऑटोमॅटिक आहे, आधी पार्कला टाकू द्या. माझा पाय ब्रेकवर आहे, काढला तर गाडी आपोआप पुढं जाईल."

"मगाशी कुटं गेलता तुझा ब्रेक?"

आदिनाथचा हात गिअरकडं गेला, तो कैलासनं पिरगाळला. कैलासनं जन्मभर पिकअप चालवलेली. क्लच सुटला की गाडी गचका खाऊन बंद पडते, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं स्वतःच बेल्ट सोडला, कॉलर धरून आदिनाथला बाहेर ओढलं आणि डांबरावर आपटून बरगडीत लाथ घातली.

"मला मारा, पण आधी गाडी धरा," आदिनाथ रक्त थुंकत म्हणाला.

"माझ्या आईपरास तुझी गाडी मोठी व्हय रं?" कैलासनं पुन्हा पाय उचलला.



उतारावरून घरंगळत रिकामी गाडी आडव्या मोटारसायकलजवळ आली तेव्हाही रतनबाई लेकाकडंच बघत ओरडत होती, "सोड रं त्याला, मला कुटं काय लागलंय."