आवळकाठी
जयंतराव आणि वैशालीताई रोज सकाळी कोलकात्यात बालीगंजजवळच्या सरोवराला फेरी मारायचे, पण एकमेकांच्या विरुद्ध दिशेने. वैशालीताई देवळातल्यासारखं पाणी उजव्या हाताला ठेवून निघायच्या. “तळ्याला कसली प्रदक्षिणा?” म्हणत जयंतराव मुद्दाम उलटे जायचे. अर्ध्या वाटेवर, वडाखाली गाठ पडली की डबीतली आवळकाठी बायकोच्या तळहातावर ठेवायचे. ते जाऊन वर्ष झालं. वैशालीताईंची फेरी एकदाही चुकली नाही. वड जवळ आला की मात्र त्या मान खाली घालून झपझप पुढे निघून जायच्या. आज मुलगा, अद्वैत, त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला होता. “शेवटची फेरी ना, आई? मीही येतो बरोबर,” तो फाटकाशी म्हणाला. “बरोबर नको.” त्यांनी पर्समधली डबी त्याच्या हातात ठेवली. “तू उलट्या बाजूनं ये.” पाणी उजव्या हाताला ठेवून त्या निघाल्या, समोर बघत.