काजव्याची मालकी

काजवा हे नाव कुणाच्या मालकीचं, यावर डबिंग स्टुडिओत सकाळपासून दोन वकिलांची जुंपली होती. काचेपलीकडे, माइकसमोरच्या उंच स्टुलावर, नावाड्याला आवाज देणारे काका गळ्याला मफलर गुंडाळून गप्प बसले होते.

मालिका जपानी कार्टूनची, अ‍ॅनिमे. वादळात घरच्यांपासून तुटलेलं एक पोर आणि त्याला होडीतून घरी पोचवायला निघालेला म्हातारा नावाडी. पोराचं मूळ नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्या कंपनीच्या अनुवादकाने त्याचा काजवा केला. लोकांना तो इतका आवडला की शाळेच्या मैदानांत पोरं एकमेकांना काजव्या म्हणून हाका मारू लागली. मग त्या कंपनीच्या हातून मालिका गेली आणि शेवटचे भाग दुसरीने विकत घेतले. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं, आणि त्या शेपटाला दोन कंपन्या दोन बाजूंनी लोंबकळत होत्या.

“मुलगा तुमचा,” पहिल्या कंपनीचा वकील उदार होऊन म्हणाला. “तो तुम्ही जपानकडून रीतसर घेतलाय. आमचं काही म्हणणं नाही. पण काजवा हे नाव आमचं.”

“मग आम्ही त्याला हाक कशी मारायची?” दुसऱ्या कंपनीच्या वकिलाने विचारलं.

“ते तुम्ही बघा.”

दुसऱ्या कंपनीच्या मॅनेजरने ‘चमक्या’ सुचवलं. या गृहस्थाने मालिकेचा एकही भाग पाहिला नव्हता, आणि हे तो अभिमानाने सांगत असे. पाहत बसलो तर धंदा कधी करणार, असं त्याचं म्हणणं होतं.

“साहेब, नावाडी शेवटच्या भागात सारखा त्याचं नाव घेऊन ओरडतोय,” रेकॉर्डिस्ट बाई म्हणाल्या. “इतके दिवस काजवा, आणि ऐन वादळात एकदम चमक्या?”

“नाव न घेता ओरडता येणार नाही का?” मॅनेजरच्या वकिलाने विचारलं. “नुसतं ‘अरे ए’ असं?”

बाईंनी कपाळाला हात लावला.

डबिंगमध्ये आरडाओरड्याचे प्रसंग सगळ्यात शेवटी घेतात. त्यात घसा बसला तरी बाकीचं काम झालेलं असतं. काकांचं बाकीचं काल उरकलं होतं. राहिलं होतं फक्त वादळ, आणि आज सकाळी पहिल्या कंपनीची नावाबद्दलची नोटीस येऊन धडकली होती. काकांच्या गळ्यात गाठ होती. उद्या डॉक्टर त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. आहे तेवढा आवाज जपून वापरा, असं त्यांनी बजावलं होतं, आणि काकांनी तो वादळासाठी राखून ठेवला होता. बायकोशी काय बोलायचं ते काल बोलून झालं होतं. आज घरातून निघाल्यापासून त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता. चहा नको हेही ते हातानेच सांगत होते.

“उद्या काकांचं ऑपरेशन आहे,” बाई म्हणाल्या. “त्यानंतर आवाज राहणार नाही. माझं ऐका. मी आत्ता काजवा म्हणून घेते, चमक्या म्हणूनही घेते. तुमचं भांडण मिटलं की हवं ते ठेवा.”

एवढं साधं शहाणपण कानावर पडताच दोन्ही वकील दचकले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. सह्या झाल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही! एकदा रेकॉर्ड झालं की ते कुणाचं, हा आणखी एक प्रश्न उभा राहणार, आणि आहेत तेच प्रश्न त्यांना पुरून उरले होते.

“आवाजाचं एवढं काय मनाला लावून घेता?” मॅनेजर म्हणाला. “दुसरा माणूस बसवू. नावाड्याला सर्दी झालीय, असं एक वाक्य टाकू आधी. लोकांना काय कळतंय!”

स्वतःच्या विनोदावर तो बराच वेळ हसला. वकीलही हसले. हसायला सह्या लागत नाहीत.

हे सगळं आत काकांच्या हेडफोनमध्ये ऐकू जात होतं. बाई मघाशी आत आवाज पाठवणारं बटण बंद करायला गेल्या तेव्हा काकांनीच हाताने नको म्हटलं होतं. ते मांडीवर हात ठेवून, दारावरच्या, रेकॉर्डिंगच्या न लागलेल्या लाल दिव्याकडे बघत ऐकत राहिले.

जेवायची वेळ झाली. दुसऱ्याच्या मालावर भांडलं की भूकही सपाटून लागते. आज गुरुवार होता; सोमवारी पुन्हा बसू, असं ठरलं. फायली मिटल्या, कोट चढले. बाईंनी न विचारता मशीन बंद केलं. आवाज होणार नाही इतकं सावकाश बंद करायची त्यांची सवय होती. आज खटकन आवाज झाला.

काका बाहेर आले. सगळे लिफ्टपाशी उभे होते. स्टुडिओच्या उघड्या दारातून आतला पडदा दिसत होता. त्यावर चित्र थांबलेलं होतं: डोंगराएवढी लाट, तिच्या टोकावर होडी, आणि होडीत उभा राहिलेला म्हातारा, तोंड उघडं. मॅनेजरची नजर त्यावर गेली. बघता बघता त्याला चक्क कुतूहल वाटलं.

“काय हो काका,” त्याने विचारलं, “ते पोरगं शेवटी घरी पोचतं का?”

काकांनी मफलर थोडा सैल केला. मॅनेजरला पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं. मग जपून ठेवलेला तो सगळा आवाज लावून, भरदार, स्वच्छ, वादळातल्या नावाड्याच्या आवाजात म्हणाले,

“सोमवारी सांगतो.”

“चालेल की,” मॅनेजर म्हणाला, आणि त्याने लिफ्टचं बटण दाबलं.