पदराची जर

प्लास्टिक खाणाऱ्या बुरशीनं श्वासयंत्राच्या तारा उघड्या पाडल्या, तेव्हा हेमलतानं लग्नातला शालू फाडायला घेतला. मेन स्विच बंद होता. बॅटरी तिच्या नवऱ्याला, दिगंबरला, आणखी दहाच मिनिटं श्वास पुरवणार होती. नणंद प्रमिला एकेका तारेला रेशमाची पट्टी गुंडाळत गेली. शेवटच्या तारेसाठी फक्त पदर उरला.

“पदर नको, वहिनी. चांदीची जर आहे, तिच्यातून वीज धावेल.”

तीस वर्षं दिगंबरही अभिमानानं हेच सांगत आला होता. हेमलतानं पदर उलगडला. जरीच्या जागी नुसता भुगा होता, झटकताच तो खाली पडला. खऱ्या चांदीला बुरशीनं तोंडही लावलं नसतं.

खाटेवरच्या दिगंबरनं नजर चुकवली.

“गुंडाळा, वन्सं,” हेमलता म्हणाली. “निव्वळ रेशीम आहे.”