हात पोचत नाही तिथे

ओला टॉवेल तिसऱ्यांदा पाठीवरून घसरून जमिनीवर पडला, तेव्हा सुनेने नाद सोडला आणि ती स्टुलावर पुढे वाकून बसून राहिली. पाठ टेकायची सोयच नव्हती. सुट्ट्या लागल्यापासून तलावावर पोहायला शिकणाऱ्यांची झुंबड उडाली होती आणि ती सकाळपासून दुपार टळेपर्यंत पाण्यात उभी राहून शिकवत होती. पाण्यात असताना ऊन कळत नाही, ते घरी गेल्यावर कळतं, हे ती दर वर्षी मुलांना पहिल्याच दिवशी बजावत असे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आतल्या खोलीत सासूबाईंची बांधाबांध चालली होती. उद्या सकाळी गाडी येणार होती आणि त्या कायमच्या लेकीकडे राहायला जाणार होत्या. शिवणयंत्राला चादर गुंडाळून झाली होती. बाहेर स्टुलाजवळच्या भिंतीवरच्या ज्या खिळ्याला त्यांची मापाची टेप लटकायची, तोही रिकामा झाला होता. ‘राहा’ म्हणावं, हे आठवडाभर सुनेच्या अगदी ओठांवर होतं. पण मुलगाच जगात उरला नाही, तर त्याच्या आईला सुनेने कशाच्या जोरावर थांबवायचं?

सुतळी मागायला म्हणून सासूबाई दारात आल्या आणि तिथेच थबकल्या.

“अगं बाई, हे काय करून घेतलंस?”

त्या लोणी आणायला निघाल्या. सुनेने त्यांना थांबवलं. लोणी लावलं तर आग आतच कोंडते, बर्फही नको, नुसतं गार पाणी पुरे, असं तिने सांगितलं. सासूबाईंना ते पटलं नाही. दुसऱ्याचं म्हणणं पटायला त्यांना निदान दोन दिवस लागत. पण त्यांनी टॉवेल उचलला, खळबळून अर्धवट पिळला आणि पाठीवर अलगद पसरला. सुनेच्या जिवात जीव आला.

टॉवेल तापला की त्या काढत, भिजवत, पुन्हा पसरत. अशाच एका खेपेला त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि पाठ नीट न्याहाळली. उभी हयात बायकांच्या पाठी मापण्यात गेलेली नजर ती. मान ठीक होती, खांदे ठीक होते, कमरेपाशीही काही नव्हतं. मधोमध तेवढा लालभडक तुकडा होता आणि त्याच्या कडेला, वरून ओढत आणलेल्या बोटांचे फिकट पट्टे.

“इथं उन्हाचं क्रीम का नाही लावलंस?”

“हात पोचत नाही.”

“मग गेल्या उन्हाळ्यात कसा पोचायचा?”

सासूबाईंचा हात होता तिथेच थांबला. गेल्या उन्हाळ्यात रोज सकाळी बंद दाराआड मुलगा आणि सून खिदळायचे, आणि त्या बाहेरून ओरडायच्या, की चहा गार होतोय, कसलं हसणं चाललंय एवढं. ते गार क्रीम पाठीला लागल्याचं हसणं होतं, हे त्यांना आत्ता कळलं.

“मला हाक मारायची,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुम्ही सामान आवरत होता.”

सासूबाई उठून आत गेल्या. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. घडी घालून भरलेलं सगळं एकेक करून पलंगावर येऊन पडलं, कारण टेप सगळ्यांत आधी भरलेली, म्हणजे अगदी तळाशी होती. ती गळ्यात अडकवून त्या परत आल्या. पोहताना घालायला लांब बाह्यांचा, बंद गळ्याचा, पाठभर सदरा शिवते म्हणाल्या. ताणलं जाणारं कापड बाजारात मिळतं, आणि मग कुणाचा हात पोचो न पोचो.

“शिवून पाठवाल?” सुनेने विचारलं.

“पाठवायला तो काय उशीचा अभ्रा आहे? ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणाला कपडा दिलाय कधी?”

त्यांनी टेपेचं टोक मानेखाली धरलं आणि खाली सोडलं. टेप लाल कातडीला लागताच सुनेने अंग चोरलं. सासूबाईंनी ती लगेच उचलून घेतली.

“अशा पाठीचं माप घेत नाहीत. आधी बरी होऊ दे.”

“आठवडा तरी लागेल, आई.”

“लागू दे की.”

त्यांनी टेप भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, आणि टॉवेल पुन्हा गार पाण्यात बुडवला.