पत्र्यातली रेघ

आखातातल्या इब्री गावच्या गॅरेजमध्ये हुसेन वीस वर्षं पोचे काढत होता. छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ गाडीच्या पत्र्यात उमटायची. रेघ वाकली की पोचा तिथेच. अर्बाबनं, म्हणजे मालकानं, हौसेनं गोल एलईडी बसवले आणि पत्र्यात रेघेऐवजी नुसते ठिपके उमटू लागले. आज एकच दरवाजा तिसऱ्यांदा परत आला. “एवढा लख्ख उजेड दिला, तरी पोचा दिसत नाही?” अर्बाब गिऱ्हाइकासमोर ओरडला. “डोळे गेले असतील तर रत्नागिरीला जा!” हुसेनच्या मस्तकात तिडीक गेली. त्यानं दिव्यांचा खोका टराटरा फाडला, पुठ्ठ्यावर मार्करनं जाड रेघ ओढली, दरवाज्यासमोर धरली. पत्र्यातली रेघ हँडलखाली वाकली. “हा घ्या पोचा!” अर्बाब वाकून बघत राहिला. “रेघ लागते, हे आधी नाही सांगायचं?” “दिवे लावले त्याच दिवशी सांगितलं होतं, अर्बाब. तुम्ही वर बघत होतात.”